पहिल्या खेपेला कॅमेरा नाही

पासपोर्ट फोटोसाठी आलेल्या माणसाला दोन मिनिटांत मोकळं करायचं असतं, हे चाचांना कोणी कधी सांगितलंच नसावं. पनवेलच्या जुन्या बाजारात त्यांचा स्टुडिओ होता. मी कसल्याशा अर्जासाठी फोटो काढायला गेले आणि पाऊण तास अडकले. त्यांनी आधी स्टूल भिंतीपासून पुढे ओढलं, मग खिडकीकडे नेलं, आणि शेवटी मला उठवून ते थेट दुकानाच्या उंबऱ्यात ठेवलं. रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले.

"चाचा, मागे पांढरं पाहिजे," मी म्हटलं.

"पांढरं कुठंही मिळेल, मॅडम. तुमच्या चेहऱ्याला लागणारा उजेड या दुकानात फक्त इथं आहे. तोही अकरापर्यंत."

फोटो सुरेख आला. इतका बरा माझा फोटो लग्नातही आला नव्हता. पण अर्ज परत आला, कारण माझ्या कानामागे रिक्षाचं अर्धं चाक दिसत होतं. मी तावातावानं भांडायला गेले तर चाचांनी फोटो हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "चाक बघितलं त्यांनी! एवढा चेहरा सोडून?" मी चहा पिऊन परत आले.

तेव्हा आम्ही नुकतेच नवीन पनवेलला राहायला आलो होतो. मी विम्याच्या ऑफिसात होते, नवरा रोज पहाटे कंपनीच्या बसनं जायचा. लेन्स बदलता येणारे डिजिटल कॅमेरे आमच्यासारख्यांच्या घरात शिरायला लागले होते, तसा एक माझ्याही घरात शिरला. कॅमेरा आला की पाठोपाठ खाज येते. जो तो लडाखला चालला होता. मी ऑफिसच्या प्रिंटरवर, साहेबांची नजर चुकवून, 'फोटोग्राफीसाठी भारतातल्या पंचवीस अप्रतिम जागा' अशी इंटरनेटवरची यादी छापून घेतली आणि सल्ला विचारायला चाचांकडे गेले. बाजारात कॅमेऱ्यातलं कळणारा दुसरा माणूसच माहीत नव्हता.

चाचांनी यादी शांतपणे वाचली आणि लाल पेनानं एकेक जागा खोडायला सुरुवात केली. एकही वाचली नाही.

"लडाख? तिथं फोटो आधीच काढून ठेवलेला आहे. तुम्ही जाऊन फक्त उचलून आणायचा. वाळवंट? उंट उभाच असतो तिथं, शिकवलेला. तुम्ही काय करणार?"

मग कागद उलटा करून त्यांनी पाठीमागे स्वतःची यादी लिहून दिली. कळंबोलीचा लोखंड बाजार, रविवारी सकाळी, बंद असताना. गव्हाण गावची भातशेतं, कापणी झाल्यावर. एस.टी. स्टँडच्या मागची भिंत, फक्त मे महिन्यात. मी ती यादी घरी दाखवली तेव्हा नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला.

चाचांचं सारं जग पनवेल स्टँडपासून स्कूटरनं एका तासाच्या आत होतं. त्यांच्या घरातली निम्मी माणसं आखातात. मेहुणे दर वर्षी बोलवायचे, तिकीट पाठवतो म्हणायचे, पण हे जायचे नाहीत. चाची एकदा मला म्हणाली, "मला दुबई बघायची होती गं. हे म्हणाले, तिथं उजेड फार आहे." आणि दुसऱ्यांदा, डब्यात सांदणं भरताना, "मला बघायला आले ना, तेव्हा माझ्याकडं कमी आणि आमच्या खिडकीकडं जास्त बघत होते. अब्बांना वाटलं पोरगा घर विकत घ्यायला आलाय."

"खिडकी चांगलीच होती," चाचा आतून म्हणाले.

हळूहळू मी रविवारी त्यांच्याबरोबर जागा बघायला जायला लागले. त्यांची स्कूटर पुढे, माझी मागे. या फेऱ्यांचे कायदे कडक होते. पहिला कायदा, पहिल्या खेपेला कॅमेरा न्यायचा नाही. "मुलगी बघायला जाता तेव्हा लगेच वरात घेऊन जाता का?" असं ते विचारत. जागेला आधी ओळख द्यायची, ती कुठल्या वेळी कशी दिसते ते समजून घ्यायचं, आणि मगच, दुसऱ्या खेपेला, कॅमेरा. दुसरा कायदा त्याहून विचित्र होता. जागेवर पोचलं की तिच्याकडे पाठ करून बसायचं आणि डबा खायचा. समोरचा देखावा माणसाला फसवतो, उजेड कुठून येतोय ते आधी बघा, जमिनीवरच्या सावल्या बघा, असं त्यांचं म्हणणं. गव्हाणला खाडीकडे पाठ करून मी चाळीस मिनिटं सांदणं खाल्ली आहेत. येणारेजाणारे काळजीनं विचारायचे, बरं नाही का वाटत? नवरा विचारायचा, "रविवारचं एवढ्या लांब जाऊन तू नक्की काय करतेस?" मी खरं ते सांगायचे की पाठ करून बसते. त्यानं नंतर विचारणं सोडून दिलं.

पण जागा शोधण्याची त्यांची खरी रीत वेगळीच होती. कुठल्याही गावात शिरले की चाचा तिथल्या माणसाला 'इथं बघण्यासारखं काय आहे' असं चुकूनही विचारत नसत. ते विचारत, "घरात भांडण झालं की तुम्ही कुठं जाऊन बसता?"

लोक आधी दचकायचे, मग हसायचे, आणि मग, हे मी डोळ्यांनी बघितलंय, थोडं गंभीर होऊन बोट दाखवायचे. गव्हाणच्या एका चहावाल्यानं त्याच्या टपरीमागची मोरी दाखवली. मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी जायचा बोगदा, बाकी काही नाही. आम्ही दुसऱ्या खेपेला कॅमेरा घेऊन गेलो, तेव्हा मोरीच्या गोल तोंडातून पलीकडचं कापलेलं भातशेत आणि त्यात उतरलेले बगळे असे काही दिसले की मी बटण दाबायचंच विसरले. चाचा म्हणाले, "दाखवायला नेतो ती जागा वेगळी आणि एकटा जाऊन बसतो ती वेगळी. मला दुसरी पाहिजे." त्यांच्या वहीत या जागा माणसांच्या नावावर होत्या. टपरीवाल्याची मोरी. पोस्टमनचा करंज. तलाठ्याची पायरी.

हाच प्रश्न त्यांनी एकदा एका घरी नव्या सुनेला विचारला, सासू शेजारी बसलेली असताना. त्या गावातून आम्ही ज्या वेगानं बाहेर पडलो त्या वेगानं चाचांची स्कूटर नंतर कधी पळाली नाही.

शिवाय चाचा जागांच्या बाबतीत पक्के चिक्कू. मुंबईहून मोठाले कॅमेरे गळ्यात अडकवून कोणी आलं आणि इथं चांगली लोकेशन्स कुठं, असं विचारलं, की चाचा इतके गोड बोलायचे की ऐकत राहावं. कागदावर नकाशा काढून द्यायचे. त्या नकाशानं माणूस हमखास कोंबड्यांच्या एका फार्मवर पोचायचा. मला हे माहीत आहे, कारण सुरुवातीच्या दिवसांत मीही पोचले आहे. रागावून परत आले तर म्हणाले, "तेव्हा तुमची ओळख नव्हती, बेटा. आता खरा देतो."

लग्नाआधी जोडप्यांचे फोटो काढायची टूम निघाली तेव्हा चाचांचे दिवस आले असं सगळ्यांना वाटलं. पहिलंच जोडपं आलं. मुलीनं सांगितलं की तिला समुद्र पाहिजे, सूर्यास्त पाहिजे आणि झालंच तर एक घोडा पाहिजे. चाचांनी तिला रविवारी सकाळी पैठणी नेसून कळंबोलीला बोलावलं. मी बरोबर होते, मुलीची आईही होती. बंद गाळ्यांपुढे लोखंडी पाइपांचे ढीग रचलेले, एकेक पाइप माणूस आत बसेल एवढा, जमिनीवर गंजाचा तांबूस चुरा. आईनं ते बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

"माझ्या मुलीला भंगारात उभी करताय?"

"मावशी, भंगार नाही, नवीन माल आहे," चाचांनी तिला समजावलं.

त्यांनी मुलाला पाइपाच्या एका टोकाला आणि मुलीला दुसऱ्या टोकाला उभं केलं. दोघं वाकून एकमेकांना शोधायला लागली आणि एका क्षणी दोघांनाही हसू फुटलं. तो फोटो त्या घराच्या हॉलमध्ये मोठा करून लावला होता, आणि आलेल्या पाहुण्यांना आईच तो कौतुकानं दाखवायची. घोडा कुणाच्या आठवणीतही राहिला नाही. चाचा मात्र त्यानंतर महिनाभर असह्य झाले होते. त्यांची चूक कधी होतच नाही, असं त्यांना वाटायला लागलं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

पुढची गोष्ट उलव्यापलीकडच्या एका गावातली. नव्या विमानतळाच्या जमिनीत ते गाव जाणार होतं. जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, नेमकं कधी हे कोणालाच नक्की सांगता येत नव्हतं. आम्ही गेलो त्या रविवारी निम्मी घरं रिकामी झालेली होती. लोक स्वतःच्या हातानं कौलं उतरवत होते, दारं चौकटीसकट काढून टेम्पोत भरत होते. एका घराच्या ओटीवर एक आजी सुकट निवडत बसली होती. आजूबाजूला एवढी धावपळ, पण तिचे हात सावकाश चालले होते. चाचांनी तिला त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला.

आजी हसली नाही की दचकली नाही. जणू हे कोणीतरी विचारेल याची ती वाटच बघत होती.

"मी कुठं जानार? मागल्या दारी. चला, दाकवते."

घरातून, चुलीच्या बाजूनं, तिनं आम्हाला मागच्या दारी नेलं. तिथं दगडाची एक पायरी होती, मधोमध झिजलेली. समोर शेवगा, मग खाडीची झाडी, आणि लांब एक डोंगर, अर्धा कापलेला.

"लगीन होऊन आले तवापासून हितं बसते. सासू बोलली का हितं. मालक गेले तवा बी हितंच बसले." मग तिनं चाचांकडे बघितलं. "तुमी फोटोवाले ना? माजा येक फोटो काडा हितं. पोराच्या लग्नातले हायत, पन ते सगले म्होरल्या दारातले. हितला येक बी नाय. नवीन घरात लावीन."

चाचा पायरीकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी क्वचितच पाहिला होता. त्यांनी वर आभाळाकडे बघितलं, घड्याळ बघितलं. सकाळचे अकरा वाजले होते.

"आजी, साडेचारनंतर उजेड बरोबर तुमच्या पायरीवर येईल. पुढच्या रविवारी येतो."

"आज नाय?"

"आज कॅमेरा आणलेला नाही."

"हिच्याकडं मोबाइल हाय ना," आजी म्हणाली. तिनं तो माझ्या पर्समधून डोकावताना बघितला होता.

माझा हात पर्सकडे गेलाही. चाचांनी माझ्याकडे बघितलं. मशिदीत कोणी चपला घालून शिरलं तर बघतील तसं. मी हात मागे घेतला.

"मोबाइलवर नको, आजी. नीट काढू. ही जागा तशी उरकायची नाही."

"बरं," आजी म्हणाली. "तुमाला कलतं."

तो सगळा आठवडा चाचांनी लेन्स पुसली. मला दोनदा फोन केला, एकदा तर फक्त हे सांगायला की पायरीवर शेवग्याची सावली पडेल तेव्हा आजीला जरा डावीकडे बसवायचं. रविवारी चार वाजता आम्ही गावात पोचलो, तर तिथं घर नव्हतं.

शेजारी टेम्पो भरणाऱ्या माणसानं सांगितलं, बुधवारी गेले. बाकीची आळी निघाली तसा मुलानंही निर्णय घेतला, दोन दिवसांत घर उतरवलं, आणि आता ते उलव्यात भाड्यानं राहतात. कुठल्या बिल्डिंगमध्ये ते त्याला माहीत नव्हतं. समोर विटांचा, मातीचा ढीग पसरला होता. शेवगाही तोडला होता. चाचा त्या ढिगावर चढले, इकडून तिकडे गेले, परत आले.

"मागचं दार कुठं होतं, बेटा?" त्यांनी मला विचारलं.

कुठली जागा कुठल्या महिन्यात किती वाजता कशी दिसते हे तोंडपाठ असलेला माणूस मला हे विचारत होता, आणि मलाही सांगता येईना. माझ्या खांद्याला तीच पर्स होती, तिच्यात तोच मोबाइल होता. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी चाचांकडे बघूच शकले नाही. एका बाईनं आयुष्यात एक फोटो मागितला होता आणि आम्ही तिला उजेडाचं कारण सांगून परत गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी सोमवारी चाचांनी दुकान उघडलं नाही. मंगळवारीही नाही. उलवे तेव्हा म्हणजे नुसतं बांधकाम. सगळ्या इमारती एकसारख्या, निम्म्यांना नाव नाही, कुठं लिफ्ट नाही. गुडघे दुखत असताना चाचा रोज जाऊन जिने चढत होते आणि दारं वाजवून विचारत होते. चाची मला फोनवर म्हणाली, "जेवत नाहीत. बोलतही नाहीत. दुकान बंद ठेवायला यांना माझ्या बाळंतपणातसुद्धा जमलं नव्हतं." गुरुवारी सकाळी चाचांचा फोन आला की सापडली. मी अर्धी रजा टाकून गेले.

तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. आजी खिडकीशी बसली होती. आम्हाला बघून म्हणाली, "आलाव काय?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच फार लागत होतं. मुलगा मध्ये पडून सांगायला लागला की अचानक ठरलं, निरोप तरी कुणाकडे द्यायचा.

चाचांनी हात जोडले. "आजी, माफ करा. तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. मोठी चूक झाली माझ्याकडून."

रिक्षाच्या चाकाची चूकसुद्धा या माणसानं कधी मान्य केली नव्हती. आजीनं त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं आणि भिंतीला धरून उठली.

"चला मंग."

"कुठं?" मुलानं विचारलं.

"घरी. फोटो काडायचा हाय ना?"

रिक्षातून आम्ही चौघं गेलो. दुपारचा एक वाजला होता, डोक्यावर ऊन रणरणत होतं. आजी ढिगाऱ्यापाशी उतरली आणि क्षणभरही न थांबता चालायला लागली. "ही ओटी," ती म्हणाली. चार पावलं पुढे गेली. "हितं मालकांची खाट." मग वळून, रिकाम्या जमिनीवर कशाला तरी वळसा घालून गेली. मला आधी कळेना, मग आठवलं, तिथं चूल होती. आणखी थोडं पुढे जाऊन तिनं पायानं दोन विटा बाजूला सारल्या आणि मातीत बसली.

"हितं. काडा. आज उजेड बराबर हाय काय?"

चाचांनी वर बघितलंसुद्धा नाही. "बरोबर आहे, आजी."

त्याच्याइतका वाईट उजेड असू शकत नाही. सावली थेट चेहऱ्यावर, मागे नुसता राडा, त्याच्या मागे एक डंपर. माझ्या हातून असा फोटो निघाला असता तर त्यांनी मला स्टँडच्या भिंतीपुढे मे महिनाभर उभं केलं असतं. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. एकदाच बटण दाबलं आणि कॅमेरा खाली घेतला.

संध्याकाळी दुकानात फोटो मोठा करून बघितला आणि चाचांनी डोक्याला हात लावला. आजीचे डोळे मिटलेले होते. पस्तीस वर्षं निम्म्या पनवेलला पापणी हलवू नका म्हणून दटावणाऱ्या माणसानं एकच फोटो काढला होता, आणि तो असा. तीन दिवस प्रिंट तशीच ड्रॉवरमध्ये पडून होती. शेवटी चाचीनं ती पिशवीत घातली आणि म्हणाली, "तुम्ही काढलाय, तुम्हीच जाऊन तोंड दाखवा."

चाचा कॅमेराही बरोबर घेऊन गेले, मीही सोबत गेले. आजीच्या हातात फोटो देतानाच त्यांनी बोलायला सुरुवात केली. "डोळे मिटलेत, आजी. मी बघायला पाहिजे होतं. आत्ता परत जाऊ, दुसरा काढतो." बोलता बोलता त्यांनी पिशवीची चेन उघडलीही.

आजीनं फोटो खिडकीशी नेऊन खूप वेळ बघितला.

"तुमची कसली चूक? मीच मिटले डोले," ती म्हणाली. "उघडे ठेवले असते तर घर कसं दिसलं असतं?"

मुलगा उठून आत गेला आणि हातोडी आणि खिळा घेऊन आला. भाड्याच्या भिंतीला खिळा मारायचा नाही, असं घरमालकानं त्याला बजावलेलं होतं. भिंतीवर सगळ्यात वाईट जागा होती ती मीटरच्या शेजारची, जिथं दिवसभर अंधार. आजीनं नेमकं तिथंच बोट ठेवलं. चाचांनी हातोडी घेतली आणि उजेडाबद्दल एक अक्षरही न बोलता तिथं खिळा ठोकला.